विटांचें धुराडें : पावसानें होणारी हानि व तिची दुरुस्ती

शेतीच्या मासिकांत घराच्या धुराड्यावर लेख कशाला, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु शेतकऱ्याच्या घरांत माणसांबरोबर भाताच्या कणग्या, पेंढा आणि पुढील सालाचें बियाणेंही असतें. त्या घराचें धुराडें गळलें तर बियाणें भिजतें, फुटलें तर पेंढ्यास ठिणगी लागते, आणि पडलें तर खालीं असलेल्या माणसाच्या जिवावर बेततें. सबब हा विषय शेतकऱ्याच्या घरचाच आहे.

उल्हास नदीच्या कांठच्या बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर या टापूंत पुष्कळशा जुन्या कौलारू घरांत धुराला निराळी वाट नसे; तो कौलांच्या फटींतून आपली वाट काढी. ज्यांनीं विटांचें धुराडें बांधलें, त्यांच्या स्वयंपाकघरांतील बायकांचे डोळे व छाती धुरापासून बचावली. हीं धुराडीं आतां निराळ्याच कारणानें धोक्यांत आलीं आहेत, व तें कारण प्रथम सांगणें अवश्य आहे.

चूल विझली आणि धुराडें भिजलें

पूर्वीं चूल सकाळ-संध्याकाळ पेटत असे. श्रावणांतल्या झडींतही धुराड्याच्या आंतून दोन वेळां ऊन हवा वर जाई, व रात्रभर विटेनें प्यालेलें पाणी दिवसां सुकून जाई. धुराडें आपल्या उबेनें आपणांस जपत असे. पुढें घरोघर गॅस आला. १ मे २०१६ रोजीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें तो गरिबाच्या घरींही पोंचला. त्यामुळें घरांतील बायकांचे कष्ट वांचले, हें उत्तमच झालें. परंतु आतां चूल पेटते ती आंघोळीच्या पाण्यापुरती, भाकरीपुरती किंवा कार्याच्या दिवशीं. चार महिने धुराडें थंड राहतें आणि वरून पडणारें पाणी आंत मुरत जातें. ‘आम्ही चूल पेटवीत नाहीं, मग धुराड्याला काय होणार?’ असें म्हणणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, न वापरलेलें धुराडें वापरांतल्या धुराड्यापेक्षां लवकर कुजतें.

धुराडें पडल्यास काय होईल, याचा एक हिशेब करून पाहूं. बाहेरून दोन फूट चौरस, अर्ध्या विटेच्या भिंतींचें व कौलांच्या वर पांच फूट उंच असें धुराडें घेतलें, तर त्यांत सुमारे बारा घनफूट वीटकाम भरतें. वीटकामाचें वजन घनफुटास सुमारे ५४ किलो धरल्यास एकूण साडेसहाशे किलो होतात. म्हणजे पन्नास किलोंच्या तेरा गोण्या झाल्या. भिजलेल्या विटेचें ओझें याहून अधिक. इतकें वजन वाशांवर कोसळल्यास कौलें, रिपा व वासे घेऊनच तें खालीं येईल.

आपल्या हवेंत हानि कशी होते

विलायती पुस्तकांत धुराड्याचा मुख्य शत्रु बर्फ सांगितला आहे. विटेंतील पाणी गोठून फुगतें व वीट फोडतें, हें त्या देशीं खरें आहे. आपल्याकडे पाणी गोठत नाहीं. येथें धुराड्यावर चार प्रकारचे आघात होतात.

पहिला आघात सरळ पावसाचा. या टापूंत पावसाळ्यांत शंभर इंचांच्या आसपास पाणी पडतें, आणि घराच्या इतर भिंतींस वळचणीचा आडोसा असतो तसा धुराड्यास नसतो. तें चारी बाजूंनीं व माथ्यावरून भिजतें.

दुसरा आघात क्षारांचा. मातींतले, पाण्यांतले व राखेंतले क्षार ओलीबरोबर विटेंत शिरतात. ऊन पडून ओल सुकली कीं ते पृष्ठभागाजवळ स्फटिकरूपानें जमतात, फुगतात व विटेचा पापुद्रा उडवितात. यालाच आपण लोणा लागणें म्हणतों.

तिसरा आघात आंतल्या बाजूनें होतो. ओल्या लाकडाचा धूर थंड धुराड्यांत वर जातांना निवतो व भिंतीवर काळा, चिकट, आंबट असा थर बसतो. तो दरजांतील चुना खातो. शिवाय सुकल्यावर तो स्वतःच पेट घेतो.

चौथा आघात पांखरांचा म्हणावा लागेल. पिंपळ, वड व उंबर यांचीं फळें खाऊन पक्षी माथ्यावर बसतात. त्यांच्या विष्ठेंतील बीं दरजेंत रुजतें. पहिल्या वर्षीं दोन पानें दिसतात. कांहीं वर्षांत मूळ मनगटाएवढें होऊन धुराडें दुभंगतें.

पाहणी केव्हां करावी

वर्षांतून दोन पाहण्या पुरेत. पहिली हस्त नक्षत्र सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास. कारण पावसानें काय केलें तें तेव्हां ताजें दिसतें व दुरुस्तीस थंडीचे महिने पुढें असतात. दुसरी अक्षय्यतृतीयेच्या आंत. मृग लागण्यास अवकाश आहे म्हणून ती पुढें ढकलूं नये. ‘तौक्ते’ चक्रीवादळ १७ मे २०२१ रोजीं आपल्या किनाऱ्याजवळून गेलें आणि ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजीं रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलें, दोन्ही मृगापूर्वींचीं. वळवाच्या वाऱ्यालाही पंचांग पाहण्याची संवय नसते.

ओल्या कौलांवर कोणीही चढूं नये. कोरड्या दिवशींसुद्धां शिडी बांधून, कौलांवर फळी टाकून व फळीचा भार वाशांवर येईल असें पाहून चढावें; खालीं एक माणूस उभा ठेवावा. पुष्कळशी पाहणी जमिनीवरून करतां येते. हल्लीं हातांतील फोनच्या कॅमेऱ्यानेंही माथा जवळ आणून पाहतां येतो.

हानीचीं लक्षणें

चुलीपाशीं बसणाऱ्या बाईस प्रथम विचारावें. धूर पूर्वीं वर जात होता व आतां घरांत परततो, असें ती म्हणाली तर धूरवाट कोठें तरी अडली आहे. कोंडलेल्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. डोकें दुखणें, मळमळणें, गुंगी येणें हीं त्याचीं लक्षणें होत. अशा वेळीं आधीं माणसांना उघड्या हवेंत न्यावें, मग दारें-खिडक्या उघडून चूल विझवावी व धुराडें साफ होईपर्यंत ती पेटवूं नये. गुंगी आलेल्या माणसास विनाविलंब दवाखान्यांत न्यावें.

त्यानंतर पुढील गोष्टी पाहाव्या.

१. माथा : वरील कोब्यास तडा आहे काय, कडेच्या विटा हालतात काय, रोप उगवलें आहे काय.

२. दरजा : खिळ्यानें दरज उकरून पाहावी. चुना पिठासारखा गळला व खिळा अर्धा इंच सहज शिरला, तर दरज मेली असें समजावें.

३. विटा : विटेवर पांढरी पूड, पापुद्रे किंवा खड्डे. विटेवर टिचकी मारल्यास खणखणीत आवाज येण्याऐवजीं बद्द आवाज येणें.

४. तडे : तडा दरजेदरजेनें पायऱ्यांसारखा गेला असेल तर पाया किंवा बूड खचल्याचा संशय घ्यावा, सरळ उभा असेल तर उष्णता किंवा मुळें यांचा. तड्याच्या दोन्ही कडांवर पेन्सिलीची खूण करून तारीख घालावी व महिन्यानें अंतर मोजावें. वाढणारा तडा व थांबलेला तडा यांचे उपाय निराळे असतात. उल्हासनगरांत महायुद्धकालीन लष्करी छावणीच्या बराकींचीं पुढें घरें झालीं; अशा ठिकाणीं जुन्या भिंतीस नवें काम जोडलें असेल, तर त्या सांध्यावर विशेष नजर ठेवावी.

५. कल : ओळंबा सोडून पाहावा. पांच फुटांत एक इंचाहून अधिक कल दिसल्यास जाणत्या गवंड्यास दाखविल्यावांचून हात लावूं नये.

६. माळा : पावसांत दिवा घेऊन माळ्यावर जावें. धुराड्याच्या अंगावर ओलीचे ओघळ, वाशांवर काळे डाग किंवा बुरशी दिसल्यास कौल व धुराडें यांचा सांधा उघडला आहे. याच वेळीं लांकूड धुराड्यापासून किती दूर आहे तेंही पाहावें. वासा किंवा रीप धुराड्याच्या विटेपासून निदान दोन इंच सुटी असावी.

पुराचें पाणी घरांत शिरलें असेल तर पाहणी बुडापासून करावी. २६ जुलै २००५ च्या पुरांत व पुन्हां २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीनें बदलापुरास वेढलें. दुसऱ्या वेळीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून हजाराहून अधिक उतारूंस सोडवावें लागलें. अशा पुरांत मातीच्या चिखलांत बांधलेलें चुलीचें बूड मऊ होतें. पाणी ओसरल्याबरोबर ‘सुकवावें’ म्हणून मोठा जाळ करणें घातक. आंतील पाण्याची वाफ होऊन विटा फुटतात. खालील व वरील तोंडें उघडीं ठेवून कांहीं आठवडे वाऱ्यानें सुकूं द्यावें, मग लहान जाळ करावा.

सिमेंटचा मोह

दुरुस्तीच्या नांवाखालीं सर्वांत अधिक धुराडीं ज्या एका गोष्टीनें बिघडतात ती म्हणजे जुन्या चुन्याच्या कामावर जाड सिमेंटचा गिलावा. हिंदुस्थानांत पोरबंदर येथें १९१४ सालीं सिमेंटचें उत्पादन सुरू झालें. त्यापूर्वींचीं, व खेड्यांत त्यानंतरचींही पुष्कळ घरें चुन्यांत किंवा मातींत बांधलेलीं आहेत. अशी भिंत उन्हानें व जाळानें थोडी हालते; चुना तिच्याबरोबर हालतो, सिमेंट हालत नाहीं. मग गिलाव्यास केसासारख्या चिरा पडतात. चिरेंतून पाणी आंत जातें. बाहेर येण्यास मात्र वाट राहत नाहीं. बाहेरून धुराडें गुळगुळीत दिसतें व आंत वीट कुजत असते. म्हणून दुरुस्तीचा एकच नियम सांगावयाचा तर तो असा : पाणी वरून आंत येऊं देऊं नये, आणि आलेलें पाणी कोंडूं नये.

हा नियम जुन्या कारागिरांस पक्का ठाऊक होता. अंबरनाथचें शिवालय शके ९८२ मध्यें, म्हणजे इ. स. १०६० सालीं बांधलें गेलें. त्या काळ्या दगडाच्या भिंतींवर आडवे थर एकाखालीं एक पुढें आलेले आहेत. त्यांची शोभा सर्वांस दिसते. परंतु असा प्रत्येक पुढें आलेला थर पाण्यास भिंतीवरून सरसकट ओघळूं न देतां कडेवरून खालीं टाकतो, हेंही पाहण्याजोगें आहे. आपल्या धुराड्याच्या माथ्यास हाच उपाय करावयाचा आहे.

साहित्य

विटा : आपल्या टापूंत उन्हाळ्यांत विटभट्ट्या लागतात, वीट दारांत मिळते म्हणून पारख सोडूं नये. दोन विटा एकमेकींवर आपटल्यास धातूसारखा नाद यावा. नखानें ओरखडा उठूं नये. चार फुटांवरून साध्या जमिनीवर टाकल्यास तुटूं नये. कोरडी वीट तोलून चोवीस तास पाण्यांत ठेवावी व पुन्हां तोलावी. वजन पांचव्या हिश्श्याहून अधिक वाढल्यास ती टाकावी. तीन किलोंची वीट सहाशे ग्रॅमहून अधिक पाणी पिऊं नये, असा हिशेब.

चुना : ताजी चुनकळी आणून विरवावी. चुनकळी पाण्यांत सोडावी. कळीवर एकदम पाणी ओतूं नये, कारण ती उसळून अंगावर येते. डोळ्यांस चष्मा असावा व मुलें दूर ठेवावीं. डोळ्यांत चुना गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्यानें बराच वेळ धुऊन दवाखाना गांठावा. विरलेला चुना गाळून निदान आठवडाभर पाण्याखालीं राहूं द्यावा.

मिश्रण : एक भाग चुना, एक भाग चांगल्या भाजलेल्या विटेची बारीक सुरखी व एक ते दोन भाग धुतलेली नदीची वाळू. सुरखीमुळें चुना ओलींतही घट्ट होतो. खाडीची खारट वाळू वापरल्यास लोणा विकत आणल्यासारखें होईल. चुन्याचें काम जाणणारा गवंडी न मिळाल्यास एक भाग सिमेंट, एक भाग चुना व सहा भाग वाळू असें मिश्रण चालेल. निव्वळ सिमेंट-वाळू मात्र जुन्या विटेवर नको.

दुरुस्तीची कृति

प्रथम रोपें काढावीं. रोप नुसतें उपटल्यास वरचा भाग हातीं येतो व मूळ आंत राहून पुन्हां फुटतें. मुळाच्या भोंवतालच्या विटा सुट्या करून मूळ समूळ काढावें. त्यावर मीठ घालण्याची चाल आहे, ती सोडावी. मिठानें झाड मरेलच असें नाहीं, पण विटेस लोणा खास लागेल. लोण्याची पांढरी पूड कोरड्या ब्रशानें झाडून गोळा करावी. ती पाण्यानें धुतल्यास विरघळून पुन्हां विटेंत शिरते.

दरज भरण्यापूर्वीं मेलेला चुना पाऊण ते एक इंच खोल, हलक्या हातानें उकरावा; यंत्राची करवत विटेच्या कडा खाते. धूळ झाडून दरज ओली करावी, मिश्रण दाबून थरांनीं भरावें व विटेच्या पृष्ठाशीं सपाट करावें, म्हणजे पाणी साचण्यास कंगोरा राहत नाहीं. नंतर सात दिवस ओल्या गोणपाटानें झांकून ठेवावें. चुना हवेंतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू दगड होतो. उन्हांत तो घाईनें सुकला तर पीठच राहतो. म्हणून हें काम मार्गशीर्षापासून माघापर्यंत करावें.

फुटक्या विटा बदलतांना एका वेळीं एकच काढावी, नवी वीट पाण्यांत भिजवून बसवावी, आणि शेजारच्या विटेस दुसऱ्या दिवशीं हात घालावा. पांच-सहा विटा एकदम काढल्यास वरचें ओझें कोणी धरावयाचें?

माथ्यावर दगडी लादी किंवा लोखंडी सळ्या घातलेली काँक्रीटची लादी बसवावी. धूरवाटेपुरतें भोंक सोडून ती चारी बाजूंनीं दोन इंच पुढें यावी, वरून बाहेरच्या बाजूस उतार द्यावा, आणि पुढें आलेल्या कडेच्या खालच्या अंगास बोटभर रुंदीची खांच ठेवावी. पाणी त्या खांचेपाशीं येऊन गळतें व विटेवर परत येत नाहीं. लादीच्या वर चार पायांवर जस्ती पत्र्याची टोपी असावी. धूरवाट नऊ इंचांची असल्यास टोपी नऊ इंच वर ठेवावी. फार खालीं बसविल्यास धूर घरांत परततो. धुराड्याचें तोंड आढ्याच्या वर निदान दोन फूट असावें.

कौल व धुराडें यांच्या सांध्यांत सिमेंट लिंपण्याची रीति आहे. तें लिंपण एका पावसाळ्यांत सुटतें, कारण छप्पर व धुराडें निरनिराळीं हालतात. त्याऐवजीं पत्रा बसवावा : वरची कड दरजेंत एक इंच शिरलेली, खालची कड कौलांवर सहा इंच आलेली. उताराच्या वरच्या बाजूस, जेथें छपराचें पाणी धुराड्यावर येऊन आदळतें, तेथें पत्र्याचा पुस्तक पालथें घातल्यासारखा दोन उतारांचा उंचवटा करावा, म्हणजे पाणी दोहों अंगांस फुटून जातें. त्या बाजूस मात्र पत्र्याची कड कौलांच्या खालीं सरकवावी.

शेवटीं आंतील काजळी लांब दांड्याच्या ब्रशानें काढून, चिकणमाती, शेण व थोडा चुना यांचा पातळ लेप हात पोंचेल तेथवर द्यावा. दोन आठवडे थांबून लहान जाळ करावा. धूर निघूं लागला कीं वरचें तोंड ओल्या गोणपाटानें क्षणभर झांकून खालच्या माणसानें बाहेरून पाहावें. जेथून धूर झिरपतो ती दरज राहून गेली असें समजावें. हें करतांना दारें उघडीं असावीं व गोणपाट लगेच काढावें.

ठेवावें कीं उतरवावें

ज्या घरांत चूल पुन्हां पेटणार नाहीं, तेथें दरवर्षीं दुरुस्ती करण्यापेक्षां धुराडें उतरविणें शहाणपणाचें. माथ्यापासून एकेक वीट काढीत कौलांच्या खालपर्यंत यावें, धूरवाट लादीनें झांकावी, व हवा खेळण्यास खालीं-वर लहान झरोके ठेवावे. मग वर कौलें सांधून घ्यावीं. ढकलून पाडण्याचा प्रयत्न कोणी करूं नये. जेथें बंब किंवा चूल चालू आहे, तेथें पावसाळ्यांत आठवड्यांतून दोन-तीन वेळां कोरड्या लांकडांचा लहान जाळ करावा. तेवढ्यानें धुराडें सुकें राहतें.

वादळांत धुराडें पडून घराची नासाडी झालीच, तर माणसांस बाहेर काढल्यावर ढिगारा उपसण्याची घाई करूं नये. छायाचित्रें घ्यावींत, तलाठ्यास (२०२४ पासून यांस ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) त्याच दिवशीं लेखी खबर द्यावी व तिची पोंच घ्यावी. पंचनाम्यांत काय पडलें याबरोबर कशानें पडलें व कोणत्या तारखेस पडलें हें नमूद आहे कीं नाहीं तें वाचूनच सही करावी. तारीख व कारण नसलेला पंचनामा पुढें तहसील कचेरींत अडून बसतो. धुराडें पडलें नाहीं पण शेजाऱ्याच्या घरावर कललें आहे, अशी स्थिति असल्यास गांवांत ग्रामपंचायतीस व शहरांत नगरपालिकेस किंवा महानगरपालिकेस लेखी कळवावें.

या सर्व कामास लागणारा खर्च थोडा व साहित्य जवळचें आहे; लागतें तें वेळेवर वर पाहणें. बी पेरण्यापूर्वीं जो शेतकरी बांध फुटला आहे काय हें पाहतो, त्यानें आपल्या छपरावरचा हा तेरा गोण्यांचा भारही त्याच नजरेनें पाहावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे.